नाव यादीत आहे का?

गरोदर बाईचं कार्ड भरताना आम्हा नर्सबायांना काही खुणा बघायला शिकवलेलं असतं. वय पस्तिशीपुढे. चारपेक्षा जास्त बाळंतपणं. आधीची मुलं दगावलेली. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचंही अंतर नाही. यातलं एक जरी दिसलं तरी कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाई, आणि त्या बाईला घरी बाळंत होऊ द्यायचं नाही. या नियमानं बघायला गेलं तर आमच्या बुऱ्हाणपुरातल्या सगळ्यात नावाजलेल्या बाळंतिणीचं कार्ड वरपासून खालपर्यंत लाल झालं असतं. मुमताज महल. जन्म १५९३, लग्न १६१२, आणि १७ जून १६३१ ला चौदावं बाळंतपण. वय अडतीस. एकोणीस वर्षांत चौदा मुलं, त्यांतली सातच जगली. शेवटची मुलगी वाचली, गौहर आरा तिचं नाव. आई गेली.

किल्ला बघायला आलेल्यांना गाइड प्रेमाची गोष्ट सांगतात. मला तिथं उभं राहिलं की केस दिसते. कळा तीस तास चालल्या असं म्हणतात. हाताशी वजीरखानासारखा हकीम, जवळ वैद्यक जाणणारी सतीउन्निसा खानम, खजिन्याला कमी नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव असावा, असं आता डॉक्टर म्हणतात. ते रक्त थांबवणारं एर्गोमेट्रिन हाती यायला १९३५ साल उजाडावं लागलं. १६३१ मध्ये ते बादशहालाही विकत मिळालं नसतं. तापीच्या पलीकडे झैनाबादच्या बागेत तिला पुरलं आणि डिसेंबरात शहजादा शुजा, वजीरखान आणि सतीउन्निसा तिचा देह घेऊन आग्र्याला गेले. ताजमहाल तिकडे झाला. बाळंतीण आमची.

मला मात्र त्या वर्षातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १६३० चा पाऊस बुडाला होता. गुजरात, खानदेश, सगळी दख्खन दुष्काळात होती. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. वाटेत त्यानं बघितलेल्या प्रेतांचं वर्णन वाचवत नाही. बादशहा तेव्हा इथंच मुक्कामाला होता. त्यानं बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत प्रांतात लंगर उघडायला लावले. शिवाय बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटायचा हुकूम केला. वीस सोमवारांत एक लाख रुपये गेले, असं दरबारी इतिहासकार लाहोरी लिहितो. लाख रुपयांनी तो दुष्काळ काही भागला नाही. पण लंगराच्या रांगेत कोणी कागद मागत नव्हतं. भूक हाच पुरावा. त्या वर्षी याच गावात इतर किती बाया बाळंतपणात गेल्या, हे मात्र कोणीच लिहून ठेवलेलं नाही.

मी शाहपूरची. बुऱ्हाणपूरपासून इच्छापूरच्या रस्त्यावर लागतं ते. सरहद्दीच्या अलीकडचं, मध्य प्रदेशातलं, पण घरोघरी मराठी बोलणारं गाव. १९७४ साली एएनएम म्हणून लागले, २०१४ ला निवृत्त झाले. त्या सगळ्या काळात लोकांच्या तोंडून एक प्रश्न मी जितका ऐकला तितका दुसरा कुठला ऐकला नाही. "बाई, आमचं नाव यादीत आहे का?" सरकारं बदलली, योजनांची नावं बदलली, कार्डांचे रंग बदलले. प्रश्न तोच. आरोग्यातल्या सुधारणा मी कागदावर वाचल्या त्या उशिरा. आधी त्या मला या प्रश्नातूनच कळत गेल्या. त्यामुळे माझी मोजपट्टीही तीच आहे: या सुधारणेसाठी यादीत बसावं लागतं का?

यादी नसलेली सगळ्यात जुनी सुधारणा लालबागेच्या बाजूला जमिनीखाली आहे. कुंडी भंडारा. अब्दुर्रहीम खानखाना इथं सुभेदार असताना, १६१५ मध्ये, तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरणारं पाणी भुयारात धरलं. वर शंभरावर कुंड्या, खाली एकाला एक जोडलेलं भुयार. पंप नाही, मोट नाही, नुसत्या उतारावर पाणी शहराकडे चालत येतं. आता पर्यटकांसाठी तिथं पाळणा बसवलाय. खाली उतरलं की भिंतींवर चुन्याचे थर दिसतात आणि पाणी इतकं नितळ की तळ किती खोल आहे ते कळत नाही. पाणी आधी किल्ल्यात, हमामखान्यात आणि सरायांत गेलं असणार, सामान्यांच्या घागरीत नंतर. तरी नदीचं गढूळ पाणी पिणाऱ्या गावात झाकलेलं, वाहतं पाणी येणं म्हणजे काय, हे ज्यानं हगवणीच्या पोरांना मीठ-साखरेचं पाणी पाजलंय त्यालाच नीट कळेल. त्याच १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो बुऱ्हाणपुरात आला आणि तापानं पडला. त्यानं कुठलं पाणी प्यायलं होतं, कुणास ठाऊक.

त्यानंतर चारशे सात वर्षांनी, २२ जुलै २०२२ ला, बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. २५४ गावं, एक लाखावर घरं, प्रत्येक घरात नळ. प्रमाणपत्र म्हटलं की माझ्या कपाळाला आपोआप आठ्या पडतात. सरकारी नोकरीनं दिलेली ती सवय आहे. कुठं नळाला धार बारीक, कुठं दिवसाआड पाणी, हेही मी बघितलंय. पण नळ देताना कोणी ‘बीपीएल आहात का’ असं विचारलं नाही, आणि त्याची किंमत मी करते. खकनार आणि नेपानगरकडच्या कोरकू पाड्यांवर माझ्या वेळी पोरांचे पावसाळे हगवणीत जायचे. नाल्याला खड्डा करून झिरपलेलं पाणी वाटीनं भरायचं. त्या बायांना दवाखान्याच्या आधी नळ हवा होता.

माझी आजी सुईण. तिच्या हातून शाहपूरची निम्मी वस्ती जन्माला आली असं ती सांगायची, आणि त्यात फारशी बढाई नव्हती. मुलगा झाला तर पायलीभर ज्वारी आणि लुगडं, मुलगी झाली तर अर्धी पायली. नाळ विळ्यानं कापायची, वर राख लावायची. आठव्या-नवव्या दिवशी पोर ताठ होऊन जाई. लोक त्याला बाहेरची बाधा म्हणत. मी ट्रेनिंगला खंडव्याला गेले तेव्हा फळ्यावर ‘धनुर्वात’ लिहिलेलं पाहिलं आणि त्या सगळ्या बाधा एकदम आठवल्या. सुट्टीत घरी येऊन आजीला ब्लेड उकळायला शिकवलं. तिनं ते लगेच उचललं, राख मात्र लवकर सोडली नाही. गावात तिच्याखेरीज एक वैद्य, आणि शहरात हकीम. बुऱ्हाणपूरला या दोन्ही विद्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा लळा आहे. आजही शहरात पंडित शिवनाथ शास्त्रींच्या नावाचं आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया कॉलेजही आहे. एवढ्याशा गावात दोन्ही. आजीच्या पिढीत पैसे नसले तर हकीम केळी घेऊन काढा देई. यादी नव्हती खरी, पण औषधाचा गुण येईल न येईल, तो आपापल्या नशिबाचा.

इंग्रजांकडे बुऱ्हाणपूर १८६० मध्ये शिंद्यांकडून गेलं. नगरपालिका १८६७ ची. मग निमाड जिल्हा, मध्य प्रांत, राजधानी नागपूर. हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही, पण १९५६ पर्यंत आमचे कागद नागपूरला जात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. कागदांनी दिशा बदलली, आजाऱ्यांनी नाही बदलली. भुसावळ इथून रेल्वेनं पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पुढे जळगाव. मोठं सरकारी रुग्णालय मात्र इंदूरला, पावणेदोनशे किलोमीटरवर, मधे घाट. पोटात दुखायला लागलं की माणूस राज्याचा नकाशा बघत नाही, गाडीचं वेळापत्रक बघतो. आमच्याकडे ‘जळगावला नेलं’ एवढं म्हटलं की आजार साधा नाही हे ऐकणाऱ्याला कळतं.

आमच्या घरातच दोन राज्यं होती म्हणायला हरकत नाही. बाबा लालबागेत ताप्ती मिलमध्ये. १९०६ ची ती गिरणी, १९७४ ला सरकारनं ताब्यात घेतली, एनटीसीकडे गेली. काका मात्र शहरात दुसऱ्याच्या मागावर. आधी हातमाग, मग पॉवरलूम. बाबांच्या पगारातून दरमहा थोडे पैसे कापले जात आणि त्याबदली ईएसआयचं कार्ड. आई, आम्ही भावंडं, सगळ्यांची नावं त्यावर. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा, पहिल्यांदा चालू झाला २४ फेब्रुवारी १९५२ ला, कानपूर आणि दिल्लीत. आजारपणात पगाराचा काही भाग घरी बसून मिळतो, ही गोष्ट काकूला कितीतरी वर्षं खोटीच वाटत असे. काकांना काही नव्हतं. मीटरवर मजुरी, माग थांबला की मजुरी थांबली. लहान लहान शेडमध्ये चार-आठ माग, कामगारांची संख्या कायद्याच्या आकड्यापर्यंत कधी पोचायचीच नाही, किंवा पोचू दिली जायची नाही. दोघे भाऊ एकाच सुताची धूळ खात होते. आई बाबांच्या नावावर आणलेली खोकल्याची बाटली अर्धी ओतून काकूकडे द्यायची. नियमानं गुन्हा. तिला तो वाटला नाही, मलाही वाटत नाही.

काकांचा खोकला बाटलीनं गेला नाही. क्षय निघाला. तिथं मात्र त्यांना कोणी कार्ड विचारलं नाही. देशात क्षयरोग कार्यक्रम १९६२ पासून चालू होता, औषधं फुकट, ज्याला रोग त्याला. वर्ष-दीड वर्षाचे उपचार, सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, मग गोळ्या. कानात गुंई गुंई आवाज यायचा म्हणून ते कंटाळायचे, दोनदा अर्ध्यावर सोडलं, काकूनं दोन्ही वेळा पुन्हा नेलं. वाचले. पुढे सत्तरीपर्यंत पोरांना शिव्या देत माग चालवला.

कारखान्याचं कार्ड कारखान्यापुरतं, हे आम्हाला उशिरा कळलं. नेपानगरचं उदाहरण तर आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. देशाचा पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना, २६ एप्रिल १९५६ ला पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला. कॉलनी, शाळा, कंपनीचा दवाखाना. नेपा मिलमध्ये नोकरी असलेल्या मुलाला मुलगी द्यायला लोक का तयार असत, त्याचं एक कारण तो दवाखाना. मग मिलला घरघर लागली आणि दवाखान्याचीही रया गेली. ताप्ती मिल २०२० च्या टाळेबंदीत एनटीसीच्या बाकीच्या गिरण्यांबरोबर थांबली ती थांबलीच. हप्ता कापायला पगार नाही, तर कार्डाला अर्थ किती दिवस राहणार?

माझी स्वतःची नोकरी सुरू झाली देवीच्या शोधानं. देवीचं चित्र छापलेलं कार्ड हातात घेऊन घरोघर विचारायचं, असं कुणी बघितलंय का? रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस होतं, वाढत वाढत ते हजार रुपयांवर गेलं. गावातली पोरं कांजिण्या झालेल्याला देवी म्हणून दाखवायला धावत यायची. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला. माझ्या माहितीतली ही एकमेव सरकारी मोहीम, जिच्यात सरकार स्वतः यादी घेऊन दारोदार फिरलं आणि यादी रिकामी निघाली म्हणून आनंद झाला.

लगेच पुढच्या वर्षी दुसरी यादी आली. १९७६. नसबंदीची. प्रत्येक कर्मचाऱ्याला आकडा ठरवून दिलेला. शिक्षकाला, पटवाऱ्याला, मला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. आमच्याकडे जीप दिसली की माणसं केळीच्या बागांत शिरायची. केळीच्या बागेत शिरलेला माणूस सापडत नाही, हे खानदेशातल्या कुणालाही सांगायला नको. मला सगळ्यात लागलं ते त्यानंतरचं. आणीबाणी संपली, सरकार गेलं, आणि मी ट्रिपलचं इंजेक्शन घेऊन गेले तर बाया पोरांना कणगीमागे लपवायच्या. ‘नाव लिहू नका’ म्हणायच्या. एकदा नाव लिहून घेतल्यावर काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. ती भीती जायला माझ्या नोकरीची कितीतरी वर्षं गेली. योजना आखणाऱ्यांनी तेवढा काळ कुठल्याच हिशेबात धरलेला मला दिसला नाही.

नंतरची मोठी सुधारणा उंदरांमुळे आली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग झाला. सुरत म्हणजे आमच्याच तापीचं मुख, तिथं आमच्याकडची कितीतरी पोरं मागांवर. ती पळून परत आली, खोकणाऱ्या प्रत्येकाकडे लोक संशयानं बघायला लागले. त्याच भीतीच्या दिवसांत इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातल्या उंदरांकडे तिथल्या कलेक्टरांचं लक्ष गेलं. रुग्ण दुसरीकडे हलवून अख्खं रुग्णालय रिकामं केलं, ट्रकच्या ट्रक कचरा बाहेर काढला, हजारो उंदीर मारले. मग प्रश्न आला की हे असंच स्वच्छ ठेवायला पैसा कुठून आणायचा. त्यातून रोगी कल्याण समिती निघाली. रुग्णालयानं थोडी फी घ्यायची, ती सरकारी तिजोरीत न पाठवता तिथंच खर्च करायची. पुढे हा प्रयोग राज्यभर गेला आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात देशभर. कागदावर मला आजही तो शहाणपणाचा वाटतो. आमच्या केंद्रात तुटलेली खाट दुरुस्त करायला पूर्वी भोपाळपर्यंत लिहावं लागे, ती समितीच्या पैशातून आठवड्यात झाली.

पण खिडकीवर पर्चीचे पैसे सुरू झाले. एक्स-रेचे वेगळे, तपासणीचे वेगळे. गरिबाला माफ. गरीब कोण? ज्याचं नाव बीपीएल यादीत तो. झाली पुन्हा यादी. रोजंदारी बुडवून पोराला घेऊन आलेली बाई खिडकीवरून परत माझ्याकडे यायची, ‘बाई, तुम्ही सांगा ना, मी गरीब आहे.’ तिच्या अंगावरची साडी बघून कुणालाही कळलं असतं, पण खिडकीला साडी बघायचा अधिकार नव्हता. (२०२५ साली त्याच इंदूरच्या रुग्णालयात नवजात कक्षातल्या दोन बाळांना उंदीर चावल्याची बातमी वाचली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.)

मग २००५. जननी सुरक्षा योजना. सरकारी दवाखान्यात बाळंत झाली की खेड्यातल्या बाईला १४०० रुपये, शहरातलीला हजार. आमच्यासारख्या मागास ठरवलेल्या राज्यांत यात एक मोठी गोष्ट होती: बीपीएलची अट नाही, वयाची नाही, कितव्या बाळंतपणाची नाही. पोटुशी बाई हीच पात्रता. आमच्या केंद्रात, जिथं महिन्याला बोटावर मोजण्याइतकी बाळंतपणं व्हायची, तिथं खाटा कमी पडून जमिनीवर सतरंज्या टाकाव्या लागल्या. मध्य प्रदेशात २००५-०६ मध्ये शंभरातल्या २६ बाया दवाखान्यात बाळंत होत होत्या. दहा वर्षांनी ८१ झाल्या. दर लाख जन्मांमागे माता दगावण्याचं प्रमाण २००१-०३ मध्ये ३७९ होतं, २०१८-२० मध्ये १७३. आजही ते देशाच्या सरासरीच्या वर आहे. तरी या दोन आकड्यांच्या मधे ज्या बाया जगल्या त्यांतल्या काहींना मी नावानं ओळखते, म्हणून मला आकडे रुक्ष वाटत नाहीत.

तिथंही काच होताच. पैसे चेकनं, आणि बाईच्या नावावर खातं नाही. चेक वटवायला नवरा नेई, परत येईपर्यंत त्यातले किती उरत ते विचारू नये. प्रसूती झाली की चार तासांत घरी जायची घाई, कारण घरी दुसरी दोन लेकरं. आणि सुईणी. आजी तोवर गेली होती. तिच्या बरोबरीच्या बायकांचा मान, ज्वारी आणि लुगडं एकाच झटक्यात गेलं. त्यांतल्या काही आशा कार्यकर्तीच्या मागे मागे दवाखान्यात यायच्या आणि दाराशी बसून राहायच्या. त्यांना आत घ्यायचं नाही असा हुकूम होता. मी एक-दोघींना आत घ्यायची. कळा देणाऱ्या बाईला पाठीवर ओळखीचा हात लागतो, मला तेव्हा मोबाईलवर माहिती भरायची असे.

औषधांची खिडकी हा माझा दुसरा आवडता विषय. १७ नोव्हेंबर २०१२ पासून मध्य प्रदेशात सरदार वल्लभभाई पटेल निःशुल्क औषध वितरण योजना सुरू झाली. सरकारी दवाखान्यात येईल त्याला औषध फुकट. बीपी, साखर, जंताच्या गोळ्या, सलाईन. कुणी त्यावर सिनेमे काढत नाही. पण माणूस कंगाल होतो तो एका मोठ्या ऑपरेशननं जितका, तितकाच महिन्याच्या महिन्याला मेडिकलवर जाणाऱ्या पाचशे-सातशे रुपयांनी. फक्त ते रुपये ओरडून सांगत नाहीत इतकंच. खिडकीवर चारांतली दोनच औषधं मिळतात हे खरं. ती दोन मात्र सगळ्यांना मिळतात.

माझी धाकटी बहीण रावेरला दिलेली. मधे फक्त राज्याची सीमा, बाकी केळी तीच, बोली तीच, भरीत तेच. नोव्हेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जळगाव जिल्ह्यात आली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. तिच्याकडे केशरी. भावजींच्या हृदयात दुसऱ्याच वर्षी स्टेंट बसला, तिनं घरातलं काही विकलं नाही. आमच्या काकांच्या मुलाला त्याच सुमारास तोच त्रास झाला. तो बुऱ्हाणपुरात. इकडे बीपीएल असेल तर राज्य बीमारी सहायता निधी होता, त्यालाही अर्ज, दाखले, अंदाजपत्रक, कलेक्टर कचेरी. त्याचं नाव बीपीएल यादीत नव्हतं, कारण यादी करायला माणसं आली तेव्हा तो एका पक्क्या घरात भाड्यानं राहत होता. घर पक्कं, म्हणून माणूस पक्का. काकूच्या पाटल्या गेल्या. जावा-जावांसारख्या वागणाऱ्या दोघी, माझी बहीण आणि चुलतवहिनी, दिवाळीला भेटल्या तेव्हा रेशनकार्डाचा रंग हाच बोलण्याचा विषय होता.

२३ सप्टेंबर २०१८ ला आयुष्मान भारत आली. कुटुंबाला वर्षाला पाच लाख. यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेची, नंतर आमच्या राज्यानं संबल योजनेतली आणि रेशनपात्र कुटुंबंही त्यात घेतली. आता काकांच्या मुलाचं नाव बसलं. सात वर्षांपूर्वीच्या यादीत २०१८ चं कुटुंब शोधणं हा निवृत्तीनंतर माझा बिनपगारी धंदा झाला. आमच्याकडे प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी समग्र आयडी, प्रत्येक माणसाला नऊ आकडी. आधारवर ‘सुमनबाई’, समग्रवर ‘सुमन’, रेशनकार्डावर नुसतं नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘पत्नी’. लग्न होऊन आलेली सून माहेरच्या आयडीत, वेगळा राहणारा मुलगा बापाच्या आयडीत. मोमीनपुऱ्यातल्या एका घरात एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावं मी बघितली. तिघींपैकी आजारी कोणती, असं मी तिला विचारलं तेव्हा ती पोट धरून हसली, आणि पोटच दुखत होतं तिचं.

पण कार्ड जिथं चालतं तिथं चालतं, हे मी नाकारणार नाही. एका खासगी रुग्णालयाच्या काउंटरवर ‘पोर्टल बंद आहे, तोवर रोख भरा’ असं मलाही ऐकावं लागलं. नाव लिहीत नाही, कारण ते एकटं नाही. पण कॅन्सरची, डायलिसिसची, हृदयाची माणसं पूर्वी ज्या कारणानं घरी परत आणली जायची, त्यातलं एक कारण कमी झालं. खंडव्याला २०१८ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आलं, जळगावलाही त्याच वर्षी. खंडव्याच्या कॉलेजला आता नंदकुमारसिंह चौहानांचं नाव आहे, आमचे खासदार, शाहपूरचेच. मार्च २०२१ मध्ये कोविडनं ते गेले तेव्हा गुरुग्रामच्या रुग्णालयात होते. खासदाराला दिल्लीकडे जावं लागतं तिथं पॉवरलूमवाल्यानं इंदूरला जायची तक्रार कुणाकडे करायची, असं माझा भाचा म्हणाला होता. सुतकात असं बोलू नये म्हणून मी त्याला गप्प केलं.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही. आधार दाखवा, वय मोजा. मी सरकारी पेन्शनर, तरी मला मिळालं. शेजारच्या विणकर म्हाताऱ्यालाही मिळालं. माझ्या मोजपट्टीनं हे बरोबर आहे, आणि पेन्शन खाणाऱ्या बाईला फुकट कशाला, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते: मला वगळायला जी यादी कराल, तिच्यातून आणखी कोण कोण गळेल, सांगा.

काकांच्या मुलाचं बायपास शेवटी आयुष्मान कार्डावर इंदूरला झालं. वहिनीनं खर्च वहीत लिहून ठेवला होता. ऑपरेशनपुढे शून्य. त्याखाली जाण्यायेण्याची गाडी, धर्मशाळेची खोली, दोघा सोबत्यांचं जेवण, रक्त द्यायला आलेल्या पोरांचा चहा-नाश्ता, आणि पान संपेपर्यंत बंद राहिलेल्या मागाची मजुरी. ती बेरीज भागवायला मुलाची शाळेची फी एक सत्र थांबली. आता त्याला चार गोळ्या कायमच्या आहेत. दोन जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर मिळतात, दोन मेडिकलवरून. त्या दोन्हींसाठी कार्ड चालेल का, हे त्यानं मला विचारलं. डिस्चार्जनंतर पंधरा दिवस चाललं, पुढे नाही, कारण कार्ड भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. मग पुन्हा भरती होऊ का, म्हणाला. मी म्हटलं, आधी गोळ्या घे, भांडण मी बघते.